गाडीपाशी थांबणारा माणूस

आमचे हे राजवाड्यात एकदाही गेलेले नव्हते आणि ही गोष्ट घरात फक्त मला ठाऊक होती. एरवी यात लपवण्यासारखं काही नाही. जगात कितीतरी माणसं कुठल्याच राजवाड्यात जात नाहीत आणि सुखाने जगतात. पण यांचं प्रकरण वेगळं होतं. हे टूरिस्ट बसचे ड्रायव्हर. सकाळी शहरातल्या हॉटेलांसमोरून प्रवासी उचलायचे, आधी डोंगरातल्या आदिमानवाच्या गुहेपाशी न्यायचे, मग नदीकाठच्या जुन्या राजवाड्यापाशी, आणि अंधार पडायच्या आत सगळ्यांना जिथल्या तिथे पोचवायचं. उभा जन्म या एका रस्त्यावर गेला. रस्त्यातला खड्डा न् खड्डा यांच्या ओळखीचा, पण गुहेत काय आहे आणि राजवाड्यात काय आहे, ते यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

कारण कंपनीचा नियम. ड्रायव्हरने गाडी सोडायची नाही. यांच्या आधीच्या ड्रायव्हरने एकदा सोडली, तर प्रवाशांच्या बॅगा गेल्या आणि पाठोपाठ त्याची नोकरीही गेली. यांनी त्याची अशी धास्ती घेतली की पुढे नियम सैल झाला तरी हे सैल झाले नाहीत. गाडीपाशीच थांबायचे. काचा पुसायचे, डबा खायचे, मागच्या सीटवर अंग टाकून डुलकी काढायचे. माणसं परत आली की मात्र चौकशी करायचे. काय पाहिलं, कसं होतं, आवडलं का. दमलेल्या माणसांना बोलायला फार आवडतं. कुणी म्हणे, छत बघून मान अवघडली. कुणी म्हणे, जिने चढून पायांचे तुकडे पडले. एखादी बाई सांगे की राणीच्या खोलीत अजून अत्तराचा वास येतो, आणि तिचा नवरा म्हणे की तो फरशी पुसायच्या औषधाचा आहे. हे सगळं यांच्या डोक्यात साठत गेलं.

ते बाहेर पडलं आमच्या लेकीपायी. लहानपणी जेवणाच्या बाबतीत तिने माझा जीव नकोसा केला होता. घास गालात धरून बसायची ती बसायचीच. एक दिवस यांनी तिच्या ताटासमोर बसून राजवाड्याची गोष्ट सुरू केली आणि ताट कधी रिकामं झालं ते तिलाही कळलं नाही. मग रोजच सुरू झालं. राजाच्या मांजरासाठी सिंहासनाशेजारी एक छोटी खुर्ची होती. जिन्याच्या मधोमध एक रुंद पायरी होती, कारण चढताना राणीलाही दम लागायचा आणि ती तिथे बसून चहा प्यायची. भिंतीच्या आत एक खोली होती, राजाला रुसून बसायला. मी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून भांडी विसळायची आणि मूग गिळून गप्प बसायची. पोरगी जेवते आहे ना, मग राजाच्या मांजराला खुर्ची काय, पलंग दिला तरी माझी हरकत नव्हती. फक्त एकदा तिने विचारलं, बाबा, हे सगळं तुम्ही पाहिलंय? आणि हे म्हणाले, म्हणजे काय, रोजच बघतो. तिथे यांनी पाय अडकवून घेतला.

आता त्या लेकीची लेक सात वर्षांची आहे. एका जागी टिकत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. मांजराची खुर्ची, राणीची पायरी, सगळं तिला तोंडपाठ. यंदा हे रिटायर झाले. गाडीच्या किल्ल्या देऊन आले आणि घरात असे बसले की मला वाटलं, किल्ल्यांबरोबर जीभही जमा करून आले की काय. सकाळी उठून तयार व्हायचे आणि मग आठवायचं की कुठे जायचं नाही. दिवसभरात एकदाच चेहरा खुलायचा, भिंगरीचा फोन आला की. आजोबा, गोष्ट सांगा. मग हे खुर्ची ओढून सरसावून बसायचे.

म्हणून लेकीने सहल ठरवली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. ती म्हणाली, बाबांच्या रिटायरमेंटची सहल, आधी गुहा, मग राजवाडा, गाडी जावई चालवतील आणि बाबा आम्हाला सगळं फिरून दाखवतील. यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवसापासून सबबींना ऊत आला. गुडघा दुखायला लागला. रस्त्याचं काम चालू असल्याचं यांना कुठूनतरी कळलं. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता तरी यांना पाऊस दिसायला लागला. शेवटी मी म्हटलं, अहो, सरळ सांगून टाका, गेलो नाही म्हणून. कुणी फासावर चढवणार नाही.

"अगं, तिने वर्गात सांगितलंय, माझ्या आजोबांना राजापेक्षा जास्त माहिती आहे," हे म्हणाले. "माझी गाडी गेली. आता माझ्याकडे दुसरं आहे काय? त्या पोरीने मला खोटारडा म्हटलं, तर मी तोंड कुठे लपवू?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. माझ्या जिभेवर ते नेहमीच तयार असतं. पण यांचा चेहरा बघून मी ते परत आत ढकललं.

सहलीच्या दिवशी जावयांची कीव आली. बिचारे बँकेत काम करणारे, गाडी जपून चालवणारे, आणि शेजारी सासरे. वळण आलं की यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला जायचा. तिथे ब्रेक नव्हता, पायपुसणं होतं. तोंडाने एक शब्द बोलले नाहीत, पण प्रत्येक ट्रकच्या वेळी असा श्वास ओढून घ्यायचे की जावयांचे कान लाल व्हायचे. मागे भिंगरी माझ्या आणि लेकीच्या मधे बसून, आज काय काय बघायचं ते बोटांवर मोजत होती. मांजराच्या खुर्चीपासून सुरुवात झाली की समोरच्या सीटवरची यांची मान एक इंच खाली जायची.

गुहेपाशी गाडी थांबली आणि हे उतरून थेट समोरची काच पुसायला लागले. भिंगरीने हाताला धरून ओढलं तेव्हा भानावर आले. गुहेच्या तोंडाशी एक बाई टॉर्च घेऊन बसल्या होत्या, त्याच आत घेऊन जायच्या. वाकून शिरावं लागत होतं. आत गार होतं, ओल्या मातीचा वास होता. टॉर्चचा उजेड भिंतीवर फिरला आणि हात दिसले. तांबड्या रंगाचे, मोठे, लहान, एकमेकांत मिसळलेले कितीतरी हात. बाजूला शिंगांचे प्राणी पळत होते, पण आम्ही सगळे हातांकडेच बघत राहिलो.

भिंगरी लगेच त्या बाईंना सांगायला लागली की संध्याकाळी शिकारीहून परत आलं की प्रत्येकाने भिंतीवर हात लावायचा, म्हणजे कोण मागे राहिलंय ते कळायचं, असं आजोबांनी सांगितलंय. आता त्या बाई हसणार असं मला वाटलं. ही गोष्ट फक्त ड्रायव्हरलाच सुचू शकते. जन्मभर गाडी सुटायच्या आधी डोकी मोजलेल्या माणसाला आदिमानवही डोकीच मोजत असणार असं वाटायचंच. पण त्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, का उमटवले ते कुणालाच नक्की माहीत नाही, मोठमोठ्या लोकांनी बरंच लिहिलंय, पण सांगायला ते हात उमटवणारं कुणी उरलं नाही, तेव्हा असंही असेल.

माझा जीव भांड्यात पडला. यांच्याकडे पाहिलं तर यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. भिंतीवरच्या एका हातासमोर आपला हात धरून उभे होते, न टेकवता, अगदी जवळ. त्या हाताच्या करंगळीचं टोक यांच्यासारखंच वाकडं होतं. इतकी वर्षं याच डोंगराखाली गाडी उभी केली आणि आत काय आहे ते आज बघतो आहे, असं काहीतरी यांच्या चेहऱ्यावर होतं. बायका-पोरांना घेऊन जगून गेलेल्या त्या माणसांबद्दल मला एकदम माया वाटली. आणि यांना इथवर घेऊन येणाऱ्या लेकीबद्दलही. ती मात्र भिंतीकडे बघत नव्हती. ती बाबांकडेच बघत होती.

गुहेतून बाहेर आल्यावर यांना जरा धीर आला. झाडाखाली बसून आम्ही ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली. हे जावयांना म्हणाले की वळणावर गिअर जरा आधी बदलावा, म्हणजे तब्येत ठीक होती. पण नदी ओलांडली, राजवाड्याचे मनोरे दिसायला लागले, आणि यांचा पाय पुन्हा ब्रेक शोधायला लागला.

पार्किंगमध्ये गाडी लागली. हे खाली उतरले, मागचं दार उघडून धरलं, आणि ताठ उभे राहून म्हणाले, मोठं सामान गाडीत राहू द्या, पैसे आणि दागिने जवळ ठेवा, सावकाश बघून या, मी इथेच आहे. इतक्या वर्षांची सवय, आपलीच माणसं उतरताहेत हेही ध्यानात आलं नाही. जावई हसले, मीही हसले. यांनाही हसू आलं असतं, पण तेवढ्यात पार्किंगचा शिट्टीवाला पळत आला. यांचा जुना दोस्त. गळ्यात शिट्टी, अंगात तेलकट जॅकेट, चेहरा आनंदाने फुललेला.

तो म्हणाला, "काय दादा, आज चक्क आत जाणार? ड्रायव्हरला तिकीट लागत नाही म्हणून जन्मभर यांच्या कानीकपाळी ओरडलो वहिनी, पण या माणसाने एकदा आत पाऊल टाकलं नाही."

त्या शिट्टीवाल्याच्या तोंडात त्याचीच शिट्टी कोंबावी असं मला वाटलं. तो बिचारा प्रेमाने बोलत होता. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. भिंगरी मान वर करून आजोबांकडे बघत होती.

"तुम्ही आत गेलाच नाहीत?"

हे काहीतरी बोलून वेळ मारून नेतील असं मला वाटलं. तेवढी कला यांच्यात आहे. पण हे गुडघ्यावर हात ठेवून तिच्या उंचीला वाकले आणि म्हणाले, "नाही गं. कधीच नाही."

तिने मांजराच्या खुर्चीचं विचारलं. हे म्हणाले, माहीत नाही. राणीच्या पायरीचं विचारलं. तेही माहीत नव्हतं. मग तिने आणखी काही विचारलं नाही. आजोबांचं बोट धरलं होतं ते सोडलं आणि बापाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. लहान मुलांना आरडाओरडा करता येतो तेव्हा बरं असतं. ती नुसती गप्प झाली. हे सरळ उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले की गुडघा खरंच दुखतोय, तुम्ही जाऊन या, मी थांबतो गाडीपाशी.

लेकीने यांचा हात धरला. नाही म्हणाली, आज गाडी एकटी राहील. आवाज चढवला नाही, पण तो माझ्याकडून घेतलेला आवाज होता आणि त्यापुढे यांचं कधी चालत नाही.

आत गेल्यावर भिंगरीने दयामाया दाखवली नाही. सिंहासनाच्या दालनात दोरीखालून वाकून पाहिलं आणि जाहीर केलं की इथे छोटी खुर्ची नाहीये. जिना चढताना प्रत्येक पायरीवर पाय आपटला. सगळ्या सारख्याच होत्या. भिंती ठोकून पाहिल्या, तेव्हा पहारेकरी ओरडला. छत मात्र खरंच मान अवघडेल इतकं उंच होतं, आरसे होते, सोनेरी वेलबुट्टी होती, पण आमच्यातल्या कुणाला त्याचं सुख नव्हतं. हे सगळ्यात मागे, टोपी हातात घेऊन, चोरासारखे चालत होते. मला यांचा राग येत होता आणि यांना असं चालायला लावणाऱ्या अख्ख्या राजघराण्याचाही राग येत होता. पोरीला दोन शब्द सुनवावेत असंही वाटलं. पण तिचं काय चुकलं होतं? तिने विश्वास ठेवला होता एवढंच.

वर राणीचं दालन होतं. पलंग, पडदे आणि टोकाला एक उंच खिडकी, हवेसाठी उघडी ठेवलेली. लेक सरळ तिथे गेली आणि म्हणाली, बाबा, इकडे या. हे गेले. मीही गेले. खाली बाग होती, बागेपलीकडे भिंत, आणि भिंतीपलीकडे पार्किंग. रांगेत बस उभ्या होत्या. आपली गाडी कुठली तेही ओळखू येत होतं.

"सातवीत आमची शाळेची सहल इथे आली होती," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमची सुट्टी होती, पण तुम्हाला कुणाच्यातरी बदली बोलावलं होतं, ते मला माहीत नव्हतं. मी सगळ्यांना सांगत सुटले होते, आता मांजराची खुर्ची बघा. खुर्ची नव्हती. सगळे हसले. मला तुमचा इतका राग आला, बाबा. रडू दिसू नये म्हणून मी या खिडकीशी येऊन उभी राहिले. आणि तुम्ही खाली होतात."

हे खाली बघत राहिले.

"बसच्या पायरीवर बसून डबा खात होतात. एकटेच. मग डबा धुतलात, काचा पुसल्यात. मग मान वर करून इकडे बघत उभे राहिलात, कितीतरी वेळ. मला वाटलं मी दिसले, म्हणून मी हात केला. पण तुम्ही नुसते राजवाड्याकडे बघत होतात. तेव्हा मला कळलं, हा माणूस आत कधी येत नाही. बाहेर उभा राहून बघतो आणि मला सांगतो."

मला तो दिवस आठवला. संध्याकाळी ताटावर बसल्यावर यांनी भीत भीत विचारलं होतं, कसा होता राजवाडा, आणि ती म्हणाली होती, तुम्ही सांगता तसाच. मग न सांगता सगळं ताट स्वच्छ केलं होतं. मला वाटलं होतं, सहलीत भूक लागली असेल.

यांनी विचारलं, एवढ्या वर्षांत बोलली का नाहीस. ती म्हणाली की बोलली असती तर तुम्ही गोष्टी सांगायचं थांबला असतात.

"वर्गातल्या सगळ्यांनी एक राजवाडा पाहिला. माझ्याकडे दोन होते. ते तुमच्यामुळे, बाबा. आज तुम्ही आम्हाला दाखवावं म्हणून नाही आणलं. तुम्हाला दाखवायला आणलंय. फार वर्षं राहून गेलं होतं."

आमचे हे रडणाऱ्यांतले नाहीत. इंजिन बंद पडलं तरी रडत नाहीत, सासू गेली तेव्हा तर मुळीच रडले नव्हते. आता खिडकीची चौकट धरून उभे राहिले आणि खांदे हलत होते. मी यांच्या पाठीवर हात ठेवला. अशी लेक पदरी पडायला आम्ही काय केलं होतं, कुणास ठाऊक. मी तर तिला जेवणावरून फक्त रागावत आले होते.

भिंगरी सगळं ऐकत होती हे आमच्या लक्षात नव्हतं. ती आईच्या हाताखालून पुढे घुसली, टाचा उंचावून खाली पाहिलं आणि विचारात पडली.

"आईला तुम्ही दिसलात, मग तुम्हाला आई कशी नाही दिसली?"

"खालून खिडक्या फार दिसतात गं," हे म्हणाले. "कुठल्या खिडकीत बघायचं तेच कळत नाही."

"मी बघून येते. तुम्ही हलू नका."

आणि बापाला ओढत जिन्याकडे निघालीसुद्धा. आम्ही तिघं खिडकीत उभे राहिलो. बऱ्याच वेळाने ते दोघं बागेतून पळत जाताना दिसले, मग भिंतीपलीकडे, मग पार्किंगमध्ये. ती बसच्या रांगेपुढे जाऊन उभी राहिली आणि डोळ्यांवर हात धरून वर बघायला लागली. आधी डावीकडे. मग वरच्या मजल्यावर. मग भलत्याच मनोऱ्याकडे. जावई काहीतरी दाखवत होते, पण तेही चुकीच्या बाजूला. शिट्टीवाला येऊन तोही वर बघायला लागला.

यांनी आधी हात हलवला. मग दोन्ही हात हलवले. मग टोपी काढून, खिडकीतून अर्धे बाहेर वाकून ती गरागरा फिरवायला लागले आणि राणीच्या त्या शांत दालनात मोठ्याने हाक मारली, भिंगरे! पहारेकरी धावत आला आणि म्हणाला, आजोबा, आत व्हा, इथे ओरडायला मनाई आहे. हे आत झाले नाहीत.

खाली भिंगरी थांबली. मान वळली. मग तिने दोन्ही हात वर केले आणि जागच्या जागी उड्या मारायला लागली. ती काहीतरी ओरडत होती, ते आम्हाला ऐकू आलं नाही. शिट्टीवाल्याने लांब शिट्टी मारली, ती मात्र आली.

"दिसलो," हे मला म्हणाले. "तिला मी दिसलो गं."

पहारेकऱ्याने आणखी दोनदा हटकलं. हे खिडकीतून हलले नाहीत, आणि मीही यांना हलवलं नाही.